रुसूबाईचे लाड

प्रयोगशाळेत पेशींना टोपणनावं द्यायची नाहीत, असा तिथल्या मुख्य बाईंचा सक्त नियम होता. त्यामुळे सगळ्यांनी ती दिली होती. फक्त बाईंच्या कानावर जाणार नाहीत एवढी काळजी घ्यायची, झालं. नाहीतरी दुसरं काय करणार? प्लेटच्या झाकणावर नुसते आकडे आणि अक्षरं. आकड्यांशी कोण बोलणार? आणि पेशी वाढवायच्या म्हणजे त्यांच्याशी बोलावं लागतंच. ज्यांनी वाढवल्या आहेत त्यांना विचारा, नाही म्हणणारा खोटं बोलतोय असं समजा.

तर पेशींच्या उबेच्या कपाटात एक होती भांडकुदळ, जी शेजारच्या पेशींना ढकलून जागा करून घ्यायची. एक होते राजेसाहेब, ज्यांना रोज नवी कोरी प्लेट लागायची. एक होती बिनतक्रार. तिला कुठेही ठेवा, कुणीही ठेवा, ती आपली वाढत राहायची, म्हणून तिच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघायचं नाही. आणि एक होती रुसूबाई. प्लेट जराशी कलली, वरून घातलेलं गुलाबी पाणी जरा गार असलं, की हिच्या पेशी अंग चोरून गोल व्हायच्या आणि तळ सोडून तरंगायला लागायच्या. मग हिची समजूत घालायची.

समजूत घालण्यात चिंगीचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. चिंगीचं चांगलं भारदस्त नाव दारावरच्या पाटीवर होतं. पण एकदा ती घराच्या किल्ल्या मावशीकडे विसरली आणि ती मावशी त्या द्यायला थेट प्रयोगशाळेच्या दारात आली. तिने तिथूनच "चिंगेऽऽ" अशी जी हाक मारली, ती तळघरातल्या माणसांनासुद्धा ऐकू गेली. त्या दिवसापासून पाटीकडे कुणी पाहिलं नाही.

ही मावशी म्हणजे चिंगीची आईच म्हणायची. खरी आई गेली तेव्हा चिंगी इतकी लहान होती, की तिला आई आठवते ती मावशीने सांगितलेली. मावशी सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवायची. शिट्टी गळ्यात असायची ती शोभेला, आवाजच असा की पाण्याखालच्या पोराने वर येऊन "काय म्हणालात?" विचारावं. अर्ध्या गावाला तिने पाण्यात ढकललं होतं. चिंगीलाही. आणि चिंगी घरची म्हणून तिला कधी आधी पाण्यात उतरू दिलं नाही की कधी जास्त वेळ डुंबू दिलं नाही. रांगेत जिथे नंबर येईल तिथे. "तलावावर मी कुणाची मावशी नाही," असं ती सांगायची आणि घरी आल्यावर ओल्या केसांना टॉवेलने इतकं खसाखसा पुसायची, की त्यात दिवसभराचं मावशीपण वसूल व्हावं.

आता त्याच मावशीचा आवाज जेवणाच्या टेबलाच्या पलीकडे पोचत नव्हता. आधी उजवा हात थरथरायला लागला, मग चालताना दारापाशी पाय जमिनीला चिकटायला लागले. तो कंपवात निघाला, आणि वयाच्या मानाने लवकर आलेला. काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, प्रत्येक उंबऱ्यापाशी जमिनीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या; समोर ओलांडायला रेघ दिसली की मावशीचं पाऊल उचललं जायचं. आवाजाला मात्र काही पट्टी लावता येईना. त्यात काकांना वयाने थोडं कमी ऐकू यायला लागलेलं. एकेकाळी त्या आवाजापासून पळून गच्चीवर जाऊन बसणारा हा माणूस आता तिच्या तोंडाशी कान नेऊन बसायचा, आणि दोघांच्या संसारात "काय?" हा एकच शब्द उरला होता.

अशात रुग्णालयातून कळलं की एका नव्या औषधाची पहिली चाचणी सुरू होणार आहे. आणि औषध कशावर? चिंगी जे काम करत होती, नेमकं त्यावर. चाचणीत मोजकी माणसं घेणार होते. ती निवडायची रीत अशी की प्रत्येकाच्या दंडाची चिमूटभर त्वचा घ्यायची, तिच्यातल्या पेशी वाढवायच्या आणि त्यांना ते औषध देऊन बघायचं. ज्याच्या पेशींना गुण येईल तो आत, नाही आला तर नाही. पेशी वाढवण्याचं काम आलं बाईंच्या प्रयोगशाळेकडे; भांडकुदळ, राजेसाहेब, रुसूबाई ही सगळी मंडळी यातलीच. चिंगीने लगेच बाईंना सांगून टाकलं, की यात माझी मावशी आहे.

"असू दे," बाई म्हणाल्या. "कुठली प्लेट कुणाची ते तुला माहीत नाही, मलाही नाही. यादी रुग्णालयात कुलपात आहे. फक्त एक कर. अंदाज बांधत बसू नकोस."

एखाद्याला 'हत्तीचा विचार करू नकोस' सांगावं, तसं झालं ते.

दंडावर पट्टी बांधून मावशी घरी आली त्या संध्याकाळी तिने चिंगीला समोर बसवलं. "आता नीट सांग. माझ्या कातडीचं तुम्ही काय करणार? आणि मला कळेल असं सांग, बाईंना सांगतेस तसं नको."

"प्रत्येक पेशीत छोट्या छोट्या भट्ट्या असतात, मावशी. शेकडो. पेशीला लागणारी सगळी ताकद त्याच बनवतात. मायटोकाँड्रिया म्हणतात त्यांना."

"हां. पुढे."

"त्या झिजतात, बिघडतात. आणि बिघडलेली भट्टी नुसती बंद पडून गप्प बसत नाही, धूर सोडत राहते. त्याने आजूबाजूच्या चांगल्या भट्ट्याही खराब होतात. म्हणून पेशीने सोय करून ठेवलेली असते. एक प्रथिन असतं, ते चांगल्या भट्टीत आत ओढलं जातं आणि तिथे संपतं. भट्टी बिघडलेली असली तर ते आत जाऊच शकत नाही. दारातच साचत राहतं."

"म्हणजे दारात गर्दी दिसली की समजायचं, आत काहीतरी झालंय."

"अगदी! मग ती गर्दी बघून दुसरं एक येतं आणि त्या भट्टीवर खुणा चिकटवतं, ही काढायची म्हणून. मग तिच्याभोवती एक पिशवी तयार होते. ती पिशवी जाते आम्लाच्या पिशवीकडे, दोन्ही एक होतात, आणि भट्टीचे तुकडे तुकडे होऊन त्यातलं कामाचं पेशी परत वापरते."

"आणि माझ्यात हे होत नाही."

"काही लोकांत कुठल्यातरी टप्प्यावर अडतं. मेंदूतल्या ज्या पेशी हालचाल सांभाळतात ना, त्यांना काम फार, आणि त्यांच्या जागी सहसा नव्या येत नाहीत. म्हणून कचरा साठला की आधी त्याच दमतात. हे औषध त्या पहिल्या प्रथिनाला जोर देतं."

मावशीने आपला हात समोर धरून बघितला. "एवढी वर्षं लोकांच्या पोरांना दम कसा राखायचा ते शिकवलं," ती म्हणाली, "आणि माझ्याच भट्ट्या धूर सोडत बसल्यात होय!" मग हळूच, इतकं हळू की चिंगीला पुढे वाकावं लागलं, "मला घेतील ना गं त्यात? मला परत एकदा मोठ्याने ओरडायचंय."

मावशीने आजवर चिंगीकडे काही मागितलं नव्हतं. हे पहिलंच मागणं.

आता सांगा, अंदाज कसा नाही बांधायचा? प्लेटा हळूहळू भरत गेल्या तशी चिंगीची खात्री पटत गेली, की रुसूबाई म्हणजेच मावशी. पुरावा विचाराल तर पुराव्याची रेलचेल होती. मावशीला जेवायला शेवटी वाढलं की ती रुसायची, ही पण रुसते. मावशी भोवती घोळका असल्याशिवाय रमायची नाही, हिच्या पेशीही घोळका करूनच वाढतात. मावशीला गार पाणी खपायचं नाही. तलावावर जन्म काढून घरी मात्र कढत पाण्याने अंघोळ! रुसूबाईलाही कोमट लागतं. शास्त्र शिकलेल्या मुलीने असल्या पुराव्यावर विश्वास ठेवावा हे हसण्यासारखं आहे खरं, पण माया आंधळी असते म्हणतात ते उगीच नाही. आणि शिकलेल्यांची माया तर आंधळी असून वर कारणंही देते.

चिंगी रुसूबाईची प्लेट सगळ्यात शेवटी हाताळायची, म्हणजे तिला जास्त वेळ देता येईल. पाण्याची बाटली हाताला लावून, कोमट आहे ना बघून मग घालायची. "उठा," म्हणायची, "उठा आता, ओरडायचंय ना?"

मग आली पेशींना औषध देण्याची आदली संध्याकाळ. या कामात एक रीत आहे, आणि ती मोडून चालत नाही. औषध देण्याआधी पेशींना उपाशी ठेवायचं. म्हणजे साखर आणि सगळा पौष्टिक खुराक असलेलं गुलाबी पाणी काढून घ्यायचं आणि त्या जागी अगदी पातळ, बेचव, जेमतेम जीव धरेल असं पाणी घालायचं. कारण पेशी आपल्यासारखीच. भरल्या पोटी आवराआवर करत नाही. बाहेरून खाणं यायचं थांबलं की मगच तिला घरातल्या मोडक्या भट्ट्या आठवतात. ही आवराआवर सुरू झालेली असेल तरच औषधाने ती वाढते की नाही, हे कळणार.

चिंगीने एकेक करून सगळ्या प्लेटांचं जेवण काढलं. बिनतक्रार, भांडकुदळ, राजेसाहेब, बाकीचे. शेवटी रुसूबाई. पातळ पाणी घातलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तर झालं! पेशींनी अंग चोरलेलं, कडेच्या काही तर सुटून तरंगायला लागलेल्या. या सगळ्या सुटल्या तर सकाळी औषध कशाला द्यायचं? मेलेल्या पेशींना कुठला गुण येणार? असं तिने स्वतःला समजावलं, आणि ते सगळंच खोटं होतं असंही नाही. पण खरी गोष्ट एवढीच होती, की मावशीला उपाशी ठेवायला तिचा हात धजेना.

तिने थोडंसं घातलं. अगदी थोडं. खुराकाच्या बाटलीतलं घोटभर, कडेकडेने, हलक्या हाताने. जरा वेळाने पुन्हा बघितलं तर पेशी अंग सैल सोडून पसरायला लागल्या होत्या. चिंगीला इतकं बरं वाटलं की घरी जाताना ती गुणगुणत गेली.

दुसऱ्या दिवशी औषध दिलं. संध्याकाळी सूक्ष्मदर्शकावर बसला तो दुर्बीण. हेही टोपणनावच, कामावरून पडलेलं. पेशींमधल्या भट्ट्यांना रंग दिलेला असतो. भट्टी जागेवर असली की ती हिरवी दिसते, पिशवीत जाऊन आम्लात पोचली की लाल. लाल ठिपके जितके जास्त, तितकी सफाई चांगली. दुर्बीण एकेक अक्षर पुकारत होता. राजेसाहेबांत लालच लाल. भांडकुदळीत बऱ्यापैकी. आणखी दोघांत चांगलं. मग बिनतक्रार, "यात काही नाही." चिंगीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण पुढची रुसूबाई होती.

"हिच्यातही काही नाही," दुर्बीण म्हणाला. "हिरवीगार आहे. खाऊन पिऊन सुखी दिसते."

हा त्याचा नेहमीचा विनोद होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. पण चिंगीच्या तोंडचं पाणी पळालं. खाऊन पिऊन सुखी! तिनेच तर खाऊ घातलं होतं.

त्या दिवशी ती स्वतःच्या घरी न जाता मावशीकडे गेली. मावशी खुशीत होती. काकांनी तिच्यासाठी गळ्यात अडकवायचा छोटा ध्वनिवर्धक आणला होता, आणि त्यातून ती त्यांना "पंखा बंद करा" असं सांगून बघत होती. चिंगीचा चेहरा बघितला आणि तिने ते यंत्र काढून ठेवलं.

"काय झालं?"

चिंगीने सगळं सांगितलं. अंदाज कसा बांधला, पुरावे काय होते, घोटभर कसं घातलं. सांगताना रडली. काका कानाला हात लावून पुढे वाकले होते. त्यांना निम्मंच कळलं, पण त्यांनी आपला रुमाल पुढे केला.

चिंगीला वाटलं, आता मावशी म्हणेल, जाऊ दे गं, माझ्या मायेपोटीच केलंस ना. ती तेवढ्याचीच वाट बघत होती.

"ती दुसऱ्या कुणाची असती," मावशीने विचारलं, "तर घातलं असतंस?"

"नाही."

"मग माझी म्हणून का घातलंस?" आवाज अगदी बारीक होता, पण तलावावरची ती बाई त्यात पूर्ण होती. "तुला मी कधी रांग मोडू दिली? लोक आपली पोरं माझ्या भरवशावर पाण्यात सोडायचे, का? तर ही बाई सगळ्यांना सारखंच वागवते म्हणून. तुमच्या त्या प्लेटांतसुद्धा माणसंच आहेत ना? त्यांच्याही घरी कुणीतरी वाट बघत असेल."

"मावशी, पण तुझं नाव..."

"माझं राहू दे. उद्या बाईंना जाऊन सांग. आणि 'माझ्या मावशीसाठी परत करा' असं सांगू नकोस. चुकलं म्हणून सांग. एवढंच."

मग तिने थरथरत्या हाताने चिंगीचे डोळे पुसले. पुसताना बोट नाकात गेलं, आणि दोघींना रडता रडता हसू आलं.

बाईंना सांगणं सोपं नव्हतं. बाई ओरडत नसत. त्या चष्मा काढून ठेवत, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट. चिंगीचं बोलणं संपेपर्यंत चष्मा टेबलावरच होता.

"पेशींना पाहुणचार लागत नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना सारखेपणा लागतो. तू एकीला घातलंस म्हणतेस. खरंच सांगत असशील. पण आता मला सगळ्यांवरच शंका घ्यावी लागणार. सगळं परत. सगळ्या प्लेटा, पहिल्यापासून. आणि तू यातल्या एकाही प्लेटला हात लावायचा नाहीस."

"हो, बाई."

"आणि टोपणनावं मला माहीत आहेत. सगळी. माझंसुद्धा." बाईंनी चष्मा घातला. "जा आता."

रुग्णालयालाही कळवावं लागलं. चाचणी लांबली. दुर्बिणीने सुट्टी टाकून कुठे जायचं ठरवलं होतं, ते रद्द झालं. त्याने काही दिवस चिंगीशी बोलणं टाकलं, आणि ते तिला मान्यच होतं. ती काचेची भांडी धूत राहिली, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत राहिली. पेशींच्या खोलीवरून जाताना मान खाली घालायची. रुसूबाईला आता कोण समजावत असेल, या विचाराने तिचा जीव तुटायचा. तिला उपाशी ठेवलं त्या संध्याकाळी तर चिंगीलाही जेवण गेलं नाही.

पण रुसूबाई तग धरून राहिली! अंग चोरलं, कडेच्या काही सुटल्या, बाकीच्या तळाला घट्ट धरून बसल्या. आणि दुर्बिणीने अबोला सोडला तो तिथेच. धावत धावत भांडी धुण्याच्या खोलीत आला. "अगं, तुझी रुसूबाई! लाल झालीय! सगळ्यांत जास्त लाल!"

चिंगी ओल्या हातांनी तशीच खाली बसली. इतका आनंद तिला स्वतःच्या निकालांचाही कधी झाला नव्हता. कुणाला सांगायचं नव्हतं, यादी उघडेपर्यंत बोलायचं नव्हतं. ती बोलली नाही. पण मावशीकडे जाऊन विनाकारण तिच्या गळ्यात पडली, आणि मावशीने ओळखलं. मावशी काय कच्च्या गुरूची चेली होती? त्या दिवशी तिने काकांना पंखा बंद करायला तीनदा सांगितलं, यंत्राशिवाय. ओरडायची तयारी चालली होती म्हणे.

आणि मग रुग्णालयातून मावशीला फोन आला. तुमच्या पेशींना औषधाचा गुण आलेला नाही, दोन्ही वेळा नाही. या चाचणीत तुम्हाला घेता येणार नाही.

चिंगी बाईंच्या खोलीत शिरली ती दार न वाजवता. "बाई, काहीतरी चुकलंय. मावशीची लाल झाली होती."

बाईंसमोर यादी उघडी होती. त्यांनी चष्मा काढला, पण या वेळी टेबलावर ठेवला नाही, हातातच धरला. "बस," त्या म्हणाल्या. "तुझी रुसूबाई दुसरंच कुणीतरी आहे. कोण, ते मी सांगणार नाही आणि तू विचारायचं नाहीस. त्यांना घेतलंय. तू येऊन सांगितलं नसतंस तर त्यांचं नाव कटलं असतं, तेही तू घातलेल्या त्या घोटभर खुराकामुळे."

"आणि मावशी?"

"बिनतक्रार."

बिनतक्रार! पहिल्या रांगेत, सगळ्यांच्या पुढे ठेवलेली. जिला ती रोज सगळ्यात आधी उरकायची, म्हणजे मग सावकाश रुसूबाईकडे वळता येईल. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिच्याकडे तिने धड एकदा निरखून पाहिलं नव्हतं.

घरी मावशी खिडकीशी बसली होती. काका शेजारी, तिचा हात हातात घेऊन. चिंगीने यादीतलं सांगितलं, जेवढं सांगता येण्यासारखं होतं तेवढं. मावशी ऐकत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. तिला वाईट वाटलं होतं, आणि वाटत नाही असं तिने दाखवलंही नाही. मग एकदम तिला हसू फुटलं.

"मी? बिनतक्रार? यांना सांग. मोठ्याने सांग."

चिंगीने काकांच्या कानाशी जाऊन सांगितलं. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"मावशी, मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही गं," चिंगी म्हणाली. "सगळ्यांत कमी लक्ष दिलं ते तुझ्याकडे."

"म्हणून तर माझं खरं उत्तर मिळालं," मावशी म्हणाली. "लाड केले असतेस तर माझा जीव उगाच टांगणीला लागला असता. आता कळलं तरी, की हे औषध माझं नाही." मग तिने विचारलं, "आणि तो दुसरा माणूस? की बाई? तरुण आहे का गं?"

"माहीत नाही. सांगत नाहीत."

"बरं होऊ दे त्याचं. रुसका आहे मेला, पण बरा होऊ दे."

गोष्ट इथे संपली असती, पण बाई दुसऱ्या दिवशी स्वतः मावशीकडे आल्या. त्यांना मावशीच्या पेशी हव्या होत्या. इतरांचं जिथे अडतं तिथे औषध जोर लावतं, पण मावशीच्या पेशींत खुणा नीट चिकटतात, पिशवीही बनते, आणि पुढे काहीतरी अडतं. हे असं अडणं त्यांच्याकडे आजवर कुणाच्या पेशींत दिसलं नव्हतं. नेमकं कुठे अडतं ते शोधायचं तर वर्षं लागतील. "तुम्हाला त्याचा उपयोग होईल असं मी खोटं सांगणार नाही," बाई म्हणाल्या.

"मला पोहायला शिकवलं त्या बाईला माझ्या पोहण्याचा काय उपयोग झाला?" मावशी म्हणाली. "घ्या. पण एक अट आहे. वाढवायच्या हिनेच." तिने चिंगीकडे बोट केलं. "आता लपवाछपवी नाही ना? कुणाच्या आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. आता हिला माहीत असताना नीट करू दे."

बाईंनी चिंगीकडे बघितलं. "जमेल?"

चिंगी म्हणाली, "जमेल," आणि तिला अजिबात खात्री नव्हती.

पेशी तिच्या ताब्यात आल्या. तिने त्या वाढवल्या, इतरांच्या वाढवते तशाच, ना आधी ना शेवटी, रांगेत येतील तिथे. मग उपासाची संध्याकाळ आली. चिंगीने प्लेट समोर घेतली, गुलाबी पाणी पूर्ण ओढून काढलं, आणि पातळ पाणी घातलं. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. पेशी आक्रसल्या होत्या. बिनतक्रार असल्या तरी भूक सगळ्यांना लागते. खुराकाची बाटली तिच्या हाताशीच होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग बाटलीचं झाकण घट्ट लावलं, प्लेट उबेच्या कपाटात ठेवली आणि दार बंद केलं.

तेवढ्यात फोन वाजला. मावशीचा आवाज इतका बारीक होता की चिंगीला फोन कानाशी दाबून धरावा लागला.

"काय गं, ठेवलंस का मला उपाशी?"

"ठेवलं."

"पूर्ण?"

"पूर्ण. थेंबसुद्धा नाही दिला."

"रडलीस?"

"थोडीशी."

"मग ठीक आहे," मावशी म्हणाली. "ये आता घरी. तू तरी जेव."